गळाशेजारची वीतभर तार

कल्याणच्या दुर्गाडीखाली गणेशघाटावर, डोंबिवलीत मोठागावच्या रेतीबंदरावर, मुंब्रा-कळव्याच्या काठाला सुट्टीच्या दिवशी भरती लागली की रॉड घेऊन बसलेली माणसे दिसतात. काठीला तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळून गरवणारे जुने लोक त्यात असतात, तसे ऑनलाइन मागवलेल्या रॉड-रिळाचे नवे हौशीही असतात. रॉड किती फुटी, रीळ कितीच्या आकाराचे, दोरी कोणत्या कंपनीची यावर तासन् तास बोलणे चालते. गळाला लागून असलेला दोरीचा शेवटचा तुकडा, ज्याला सगळेच लीडर म्हणतात, त्याचा विचार मात्र सगळ्यांत शेवटी होतो आणि दुकानदाराने पुढे केलेली फ्लुरोकार्बनची गुंडाळी घेतली की संपतो. माझे म्हणणे असे की मासा, पाणी आणि काठावरचे इतर जीव या सगळ्यांसाठी तोच तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. दोरी कापणाऱ्या दातांचा मासा लागण्याची शक्यता जिथे आहे, तिथे तो पोलादी तारेचाच हवा. जिथे ती शक्यता नाही, तिथे तार नको. आणि हे ठरवायचे ते माशाचे तोंड बघून. पाकिटावरचा मजकूर आपली खाडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला नसतो.

आपल्याकडे हा निर्णय थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण आपले पाणी एकसारखे नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते, तिथे तिला भरतीचे पाणी भेटते, आणि पुढे घोडबंदरवरून वसईच्या खाडीने ती समुद्राला मिळते. ठाण्याची खाडी दक्षिणेला मुंबई बंदराकडे उतरते. वरच्या गोड्या अंगाला चिलापी, मरळ, मागूर. निमखाऱ्या पट्ट्यात बोय, शिंगाळा, जिताडा. समुद्राच्या अंगाकडे गेलो की वाम, आणि भाईंदर-उत्तनच्या बाजूला वाकटी, करली. या प्रत्येकाचे तोंड वेगळे आहे. चिलापीला बारीक तंगूस पुरते. मागूर आणि शिंगाळ्याचे दात बारीक, खरखरीत असतात. ते दोरी झिजवतात, एका दमात कापत नाहीत. मरळीचे दात टोकदार खरे, पण बेडकाच्या आकाराच्या आमिषावर ती झडप घालते तेव्हा गळ बहुतेक वेळा जबड्याच्या कडेला बसतो, त्यामुळे जाड नायलॉनवर भागते. पैसे भरून गरवायच्या तलावांत सोडलेल्या रूपचंदची गोष्ट वेगळी आहे. तो पिरान्हाच्याच गोतातला, चपट्या दातांनी कठीण फळे फोडणारा मासा आहे आणि बारीक दोरी तो सहज चिरडतो. जिताड्याबद्दल गैरसमज फार आहे. त्याचे दात तर अगदी बारीक असतात. दोरी कापते ती त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड, बोट कापेल इतकी धारदार. तिथे 40 ते 60 पौंडांचे जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन योग्यच आहे, कारण काम घासण्याला टिकायचे आहे. जिताडा आमिष पाण्यासकट तोंडात ओढून घेतो, आणि ताठ तार तिथे आमिषाची चाल बिघडवते.

वामेचे तोंड मात्र एकदा नीट बघावे. (नदीतली काटेरी पाठीची वाम वेगळी, इथे खाडी-समुद्रातली मोठी वाम म्हणतो आहे.) जबडा लांब आणि निमुळता, वरचा खालच्यापेक्षा पुढे आलेला. तो उघडला की टाळूच्या मधोमध मोठ्या, चपट्या, टोकदार दातांची एक रांग दिसते. गळ ओठाच्या कडेला न लागता आत गेला, आणि वाम आमिष गिळते तेव्हा तो बहुतेकदा आतच जातो, तर दोरीला बाहेर यायला त्या रांगेवरूनच वाट आहे. शिवाय ओढली जाताना वाम अंगाला पीळ देत फिरते, म्हणजे दोरी एकाच दातावर पुन्हा पुन्हा घासली जाते. वाकटीचे दात आणखी पातळ आणि आणखी तीक्ष्ण. या माशांसाठी कोणती दोरी घ्यावी हा प्रश्न मुळात ताकदीचा नाही, आणि आपली पहिली चूक इथेच होते. पाकिटावर लिहिलेले पौंड हे सरळ ओढून दोरी किती ताणाला तुटते ते सांगतात. कापण्याला ती किती टिकेल याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. सैल दोरी विळीच्या पात्यावर टेकवली तर तिला फारसे काही होत नाही. तीच ताणून धरली की हात न हलवताही दोन तुकडे होतात. मासा लागल्यावर दोरी सतत ताणलेलीच असते.

त्यावर उत्तर दिले जाते की मग जाड फ्लुरोकार्बन घ्या. हे उत्तर तपासून बघण्यासारखे आहे. साधारण 100 पौंडांची फ्लुरोकार्बन दोरी सुमारे 1 मिलिमीटर जाड असते. ती कापायला दाताला वेळ लागतो, हे खरे. पण ती इतकी ताठ होते की गाठ नीट आवळली जात नाही आणि आमिष तिच्यामागून अडखळत चालते. म्हणजे ज्या मऊपणासाठी तार नको म्हणायचे, तो मऊपणा इथेही गेलेलाच असतो. उलट तिच्या निम्म्याहून कमी जाडीची सात पदरांची पोलादी तार 40 पौंडांचा ताण सहज पेलते, आणि दात तिच्यात रुतत नाही. मासा सोडवल्यावर फ्लुरोकार्बनच्या लीडरवरून नख फिरवावे. जागोजाग खरबरीत ओरखडे लागतात, एखाद्या ठिकाणी नख अडकते. त्या खाचेपाशी दोरीची ताकद किती उरली आहे हे पाकीट सांगू शकत नाही, गरवणाराही सांगू शकत नाही. पुढचा मासा त्याच खाचेवर लागतो.

फ्लुरोकार्बनचा खरा गुण दुसरा आहे, आणि तो खराच आहे. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये या पदार्थाची मासेमारीची दोरी बाजारात आणली. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा सुमारे 1.42 आणि नायलॉनचा दीडच्या पुढे. प्रकाश पाण्यातून फ्लुरोकार्बनमध्ये शिरताना कमी वळतो, म्हणून ती दोरी पाण्यात कमी दिसते. डोंगरातल्या स्वच्छ ओढ्यात, काचेसारख्या तळ्यात, दिवसाउजेडी बुजऱ्या माशासाठी या गुणाला किंमत आहे. ठाण्याच्या खाडीत ती किंमत कोणासाठी मोजायची? इथे प्रत्येक भरती-ओहोटीला गाळ ढवळून वर येतो. उधाणाच्या दिवसांत पाण्यात घातलेल्या हाताची बोटेसुद्धा दिसत नाहीत. पावसाळ्यात उल्हास गढूळ वाहते, आणि शहरातली तळी शेवाळाने हिरवी असतात. त्यात वाम अंधारात, तळाशी, वासावर भक्ष्य शोधणारी. जो गुण ज्या पाण्यात वापरताच येत नाही, त्याच्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो आणि दातापुढे टिकण्याचा गुण सोडून देतो, हा व्यवहार मला पटत नाही.

जगात या प्रश्नाचा सर्वांत जास्त खल पाइक नावाच्या माशावरून झाला आहे. हा मासा भारतात नाही. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड, गोड्या पाण्यात तो राहतो. तोंडात शेकडो दात, टाळूवरचे मागे वळलेले, खालच्या जबड्यात मोठे सुळे. ब्रिटनमध्ये पाइकसाठी तारेचा लीडर हा पक्का रिवाज आहे, आणि अनेक तळ्यांवर तो नियमच आहे. तार नसेल तर पाइकसाठी गळ टाकू देत नाहीत. फ्लुरोकार्बन आल्यावर तिथेही वाद झाला आणि अजून चालतो. फ्लुरोकार्बनवाले सांगतात की आम्ही कितीतरी मासे काढले, एकदाही दोरी कापली गेली नाही. ही साक्ष खोटी नाही, पण ती कशाची साक्ष आहे ते बघितले पाहिजे. गळ ओठाच्या कोपऱ्यात बसला की दोरी दातांच्या बाहेर राहते; मग फ्लुरोकार्बन टिकते आणि साधे नायलॉनही टिकते. कसोटी लागते ती गळ आत गेला त्या वेळी. म्हणून किती मासे निघाले याची सरासरी काढून इथे निर्णय करता येत नाही. जो मासा गळ घेऊन गेला त्याचे काय झाले, या एकाच प्रश्नावर तो करावा लागतो. ब्रिटनचा नियम याच विचारावर उभा आहे आणि आपल्या वामेलाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

दोरी कापली गेली की घशात गळ आणि तोंडाबाहेर लोंबणारी दोरी घेऊन मासा जातो. खायला म्हणून गरवणाऱ्याचे जेवण गेले, सोडून देण्यासाठी गरवणाऱ्याची दया गेली. म्हणजे दोघांचेही भले तारेतच आहे. पण गोष्ट माशापाशी थांबत नाही. तुटलेली दोरी तिवरांच्या मुळांच्या खुंट्यांत अडकते आणि तिथेच राहते. नायलॉन उन्हाने हळूहळू ठिसूळ तरी होते; फ्लुरोकार्बन उन्हालाही दाद देत नाही, आणि जड असल्यामुळे तळाशी जाऊन पडते. ज्या चिखलावर ती पडते, त्याच चिखलावर बगळे, पाणकावळे, तुतारी आणि हिवाळ्यात हजारोंनी येणारे फ्लेमिंगो चालत असतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडीचे पाणी अभयारण्याची हद्द पाळत नाही. वर सोडलेली दोरी खाली जातेच. पक्ष्याच्या पायाला धागा गुंडाळला की काय होते हे ठाणे-डोंबिवलीकरांना कोणी वेगळे सांगायला नको. दर संक्रांतीला झाडाझाडांवर ते दिसते. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली ती माणसे आणि पक्षी कापले जातात म्हणूनच. पतंगाचा नायलॉन आणि गळाचा नायलॉन यांत पक्ष्याच्या पायापुरता काही फरक नाही. मी गळाच्या दोरीवर बंदी मागत नाही. पण जिथे दोरी कापली जाणार हे आधीच ठाऊक आहे, तिथे कापली न जाणारी वस्तू वापरावी, इतके तरी मागता येते.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा हवाईचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. खोल समुद्रात ट्यूनासाठी मैलोन् मैल दोर सोडून त्याला हजारो गळ लावतात. त्या गळांना नको असलेल्या मुशीही (शार्क) लागतात. लीडर तारेचा असेल तर मुशीला सुटता येत नाही. नायलॉनचा असेल तर ती तो चावून तोडते आणि निघून जाते. म्हणून अमेरिकेने 2022 मध्ये हवाईच्या खोल समुद्रातल्या ट्यूना मासेमारीत तारेच्या लीडरवर बंदी घातली. नामशेष होत चाललेल्या मुशी वाचवण्यासाठी तिथे दोरी तुटणेच चांगले ठरले. मग आपण उलटे कसे सांगतो? दोन ठिकाणची परिस्थिती शेजारी ठेवली की उत्तर मिळते. तिथे गळ तासन् तास एकटा पाण्यात असतो, आणि माणूस मुशीपाशी फार उशिरा पोहोचतो. इथे रॉड माणसाच्या हातात असतो. मासा लागल्यापासून काही मिनिटांत तो काठावर येतो आणि चिमट्याने गळ काढता येतो. तारेचा उपयोग हजर माणसाच्या हातातच आहे. यातून एक गोष्ट निघते, ती आपल्याकडच्या काहींना आवडणार नाही. संध्याकाळी गळ बांधून ठेवायचे आणि सकाळी बघायला यायचे, ही पद्धत उल्हासच्या काठी आहे. त्या गळाला तार लावू नये. खरे तर नजरेआड गळ ठेवूच नये, पण ठेवणाराच असेल तर माशाला सुटायला वाट राहू द्यावी.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला आहे. आपल्या खाडीच्या तळाला दगड आहेत, तिवरांची मुळे आहेत, आणि गेल्या कित्येक वर्षांत ओतलेला बांधकामाचा राडारोडा आहे. गळ अडकला की ओढून तोडावा लागतो. तार मुख्य दोरीपेक्षा मजबूत असल्याने तुटते ती वरची दोरी, आणि तारेसकट सगळे खाली राहते. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा इलाज तार काढून टाकण्यात नाही. अडकते ते बहुतेक वेळा शिसे. ते मुख्य दोरीला थेट न बांधता बारीक, कमजोर तंगुसाच्या वेगळ्या तुकड्याने बांधावे. अडकले की तेवढा तुकडा तुटतो, शिसे जाते, गळ आणि तार परत येते. शिसे पाण्यात राहणे हेही चांगले नाहीच, म्हणून वजनाला जुना नट-बोल्ट वापरणारे गरवणारे मला जास्त शहाणे वाटतात. तरीही एखादी तार गेलीच, तर प्लास्टिकचे वेष्टण नसलेली साधी पोलादी तार खाऱ्या पाण्यात गंजून संपते. स्टेनलेस फार काळ टिकते आणि वेष्टणाची तार तर निम्मी प्लास्टिकच असते, म्हणून खाडीसाठी साधी तार घ्यावी आणि ती दर खेपेला बदलावी. टायटॅनियमच्या तारेचे कौतुक ऐकू येते; ती वाकून पुन्हा सरळ होते हे खरे, पण इतकी महाग वस्तू या तळावर गमावायला आणू नये.

काही जण म्हणतील की ज्या उल्हासमध्ये वालधुनी नदीचे काळे पाणी उतरते, ज्या खाडीला कारखान्यांचे रसायन आणि शहरांचा मैला मिळतो, तिथे वीतभर तारेवर एवढे लिहायचे कशाला? उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती संस्थेला हरित लवादाकडे जावे लागले, हे सगळ्यांच्या समोर आहे. त्या प्रश्नापुढे हा प्रश्न लहान आहे यात शंका नाही. पण सांडपाण्याचा नळ बंद करणे गरवणाऱ्याच्या हातात नाही, लीडर निवडणे पूर्णपणे त्याच्या हातात आहे. आणि आधीच श्वास कोंडलेल्या पाण्यात जे मासे तग धरून आहेत, त्यांच्यातला एखादा घशात गळ घेऊन जाणे हे स्वच्छ पाण्यापेक्षा इथे जास्त लागते. जाळ्यांचे नायलॉन कितीतरी जास्त असते, हेही कोणी म्हणेल. असते. पण कोळ्याचे जाळे हे त्याचे भांडवल आहे. फाटले तर तो ते शिवतो, हरवले तर शोधतो, आणि त्याच्यावर घर चालवतो. समुद्रात मुशी-सुरमईसाठी गळ टाकणारेही गळापाशी तार बांधतात, कारण कापली गेलेली दोरी म्हणजे बुडालेली कमाई हे त्यांना ठाऊक असते. आपण तर तिथे हौसेने गेलेलो असतो. हौसेने पाण्यावर जाणाऱ्याने पोटासाठी जाणाऱ्यापेक्षा कमी काळजी घ्यावी, हे मला मान्य होत नाही.

वापरायची रीत अवघड नाही. वामेसाठी सात पदरी तार वीत-दीड वीत पुरते, कारण दात पोहोचतात तेवढाच भाग झाकायचा असतो. तारेला गाठ मारायची नाही. टोक गळाच्या डोळ्यातून ओवून परत फिरवायचे आणि धातूची बारीक नळी पक्कडीने दाबून बसवायची. दुसऱ्या टोकाला स्विव्हल (फिरती कडी), त्याला मुख्य दोरी. तारेवर एकदा मुरड पडली की ती सरळ करत बसू नये, तिथेच ती पुढे तुटते. तुकडा कापून घरी न्यावा आणि भंगारात टाकावा. आणि लांब दांड्याचा चिमटा बरोबर नसेल तर वामेसाठी गळ टाकूच नये, कारण तार मासा काठापर्यंत आणते, गळ काढत नाही. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या फ्लुरोकार्बनच्या गुंडाळीपेक्षा कमी येतो. अडचण इतकीच की कल्याण-डोंबिवलीच्या दुकानात गळ मागितला की शेजारची फ्लुरोकार्बनची पाकिटे पुढे येतात आणि तार मागून घ्यावी लागते. दुकानदाराने गिऱ्हाइकाला आधी ‘कुठे जाणार, काय लागतं तिथे?’ एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल. पवई तलावावरच्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारख्या जुन्या संस्थेने आणि कांदळवन कक्षाच्या ऐरोलीतल्या जैवविविधता केंद्राने मिळून खाडीतल्या माशांची तोंडे आणि त्यांना चालणारे लीडर असा एक साधा मराठी फलक तयार केला, तर गणेशघाटावर, मोठागावच्या रेतीबंदरावर आणि मुंब्रा-कळव्याच्या काठाला तो लावायला महापालिकांना फार खर्च येणार नाही.